सतराव्या आकड्यापाशी

"…मग डब्यावर 'ओरखडे पडले, टाकाऊ' असं का लिहिलंत?"

साव्हेरिओने हे विचारलं तेव्हा तो अजून बसलाही नव्हता. अंगात कोट, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, आणि चार जिने चढल्याचा दम.

बाईंनी त्याला आधी बसायला सांगितलं.

तो बसला नाही. डब्यावरचं अक्षर तुमचंच आहे, मी सहा वर्षं ते अक्षर वाचलंय, असं म्हणाला. आणि आतल्या फिल्मवर एकही ओरखडा नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

"नाहीच," बाई म्हणाल्या.

…

बाई म्हणजे इर्मा बाल्दाच्ची. रोममध्ये त्यांना सगळे 'सिन्योरा' म्हणतात. आपल्याकडे असत्या तर आपण 'बाई' म्हटलं असतं, म्हणून मीही बाईच म्हणणार.

वय चौऱ्याऐंशी. नदीकाठच्या तेस्ताच्चो वस्तीत, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. इमारतीला लिफ्ट नाही आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही.

त्या चित्रपटांच्या संकलक. दिग्दर्शक ढीगभर चित्रण करून आणतो. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं आणि नेमकं कुठे कापायचं, हे संकलक ठरवतो. पडद्यावर त्याचं नाव येतं तेव्हा लोक आपली खुर्ची शोधत असतात.

त्र्याऐंशी चित्रपट बाईंच्या हातून गेले. वयाइतके व्हायला एकच कमी पडला, असं त्या सांगतात, आणि तो एक कोणामुळे राहिला तेही नावासकट सांगतात.

सोळाव्या वर्षी त्या फिल्म धुण्याच्या कारखान्यात लागल्या. तुटलेली फिल्म खरवडायची आणि चिकटवायची, एवढंच काम. तिथून उठून संकलनाच्या टेबलापर्यंत यायला नऊ वर्षं लागली.

पहिल्या चित्रपटावर निर्मात्याने त्यांचं नाव 'इ. बाल्दाच्ची' असं घातलं. संकलक बाई आहे हे कळलं तर लोक कुरकुर करतील म्हणे.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी बाईंनी शेवटचं रीळ मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसून राहिल्या. पूर्ण नावाची पाटी तयार होऊन आली, त्यांनी ती वाचली, मग उठल्या.

हे मला सांगताना दरवेळी बरं वाटतं. त्यांना तर वाटतंच.

…

साव्हेरिओ लोमोन्ते हा बारी शहरातला मुलगा. म्हणजे आता मुलगा नाही, बेचाळीस वर्षांचा आहे.

तो बाईंकडे सहा वर्षं हाताखाली होता. तेव्हा फिल्मच्या पट्ट्या खिळ्यांना टांगून ठेवायच्या, मागितली की बरोबर तीच काढून द्यायची, आणि बाई कापतील ते बघायचं. पुढे पुढे त्याला स्वतः कापायलाही मिळू लागलं.

त्या सहा वर्षांत बाईंनी त्याचं एकदाही कौतुक केलं नाही. फारच आवडलं तर "हं, पुढे," म्हणत.

एका दुपारी त्याने एक प्रसंग फार सुरेख जुळवला. सगळ्यांना आवडला. बाई म्हणाल्या, "हं, पुढे." तो पुढे गेला तो थेट दाराबाहेर.

त्यानंतर त्याने स्वतः नऊ चित्रपट केले. दोन बक्षिसं मिळाली. एका वर्तमानपत्राला तो म्हणाला, "कात्री कशी धरायची ते सिन्योरांनी शिकवलं. कुठे चालवायची ते माझं मी शिकलो."

बाईंनी ते वाचलं. कात्री कशी धरायची हे मी कोणालाच शिकवत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. त्या पंधरा वर्षांत तो हे चार जिने एकदाही चढला नव्हता.

…

आता आला होता तो कामासाठी.

बाईंच्या तिसाव्या वर्षी त्यांनी संकलित केलेला एक चित्रपट होता. नेपल्स बंदरावरचा. त्याची मूळ फिल्म सडत चालली होती, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास यायचा. एका संस्थेने ती वाचवायचं ठरवलं आणि काम साव्हेरिओकडे दिलं.

त्याने वर्षभर चित्रपट एकेक फ्रेम करून स्वच्छ केला. पुढच्या महिन्यात तो चौकात मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. मूळ फिल्म काही दिवसांची सोबती होती, म्हणजे यापुढे जो काही चित्रपट उरणार तो साव्हेरिओने केलेलाच.

आणि त्यातला एक प्रसंग त्याला बदलायचा होता.

संस्थेचा नियम असा की चित्रपट करणाऱ्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याच्या सहीशिवाय काहीही बदलायचं नाही. दिग्दर्शक गेला, निर्माता गेला, कॅमेरामन गेला. उरल्या होत्या बाई.

सहीचा कागद त्याने टेबलावर ठेवला. वर पेनही ठेवलं.

"इथे सही केलीत की झालं," तो म्हणाला.

बाईंनी त्याला कॉफी दिली आणि म्हणाल्या, दाखव.

…

प्रसंग साधा आहे. मुलगा आर्जेन्तिनाला निघालाय. बोटीवर चढलाय. आई खाली धक्क्यावर उभी राहून त्याला सांगतेय, जेवत जा, पत्र टाक, ओले कपडे अंगावर ठेवू नकोस. मुलगा दिसत नाही. सबंध वेळ आईचा चेहरा, जवळजवळ एक मिनिट.

आईचं काम करणारी बाई नटी नव्हती. नेपल्सच्या बाजारात शिंपल्या विकायची. दिग्दर्शकाला तिचा चेहरा आवडला आणि त्याने तिला उचलून आणलं. पण तिला चार वाक्यं काही पाठ होईनात.

त्या काळी रोमच्या चित्रपटांत याची कोणाला फिकीर नव्हती. चित्रण करताना आवाज घ्यायचेच नाहीत. कॅमेरा खडखडायचा, दिग्दर्शक मागून ओरडून सूचना द्यायचा, कोणी जर्मन बोलायचा तर कोणी काही. आवाज नंतर डबिंगमध्ये भरायचे. ज्याला संवाद येत नाही त्याला सरळ सांगायचे, तू आकडे मोज.

शिंपलीवालीला तेच सांगितलं. वर बोटीकडे बघायचं आणि एकपासून तीसपर्यंत सावकाश मोजायचं.

टेकमागून टेक झाले, ती मोजत राहिली. पुढे एका नाटकातल्या नटीने त्यावर संवाद म्हटले, आणि सगळ्या देशाने ते ऐकून डोळे पुसले. आई आकडे मोजतेय हे कोणाला कळलंही नाही.

…

साव्हेरिओने लॅपटॉप उघडला. बाई म्हणाल्या, आवाज बंद कर.

त्याने आधी चित्रपटात आहे तो टेक लावला. पाचवा. सगळं नीट चाललं होतं. सतराव्या आकड्यापाशी शिंपलीवालीचं तोंड अडलं. ओठ उघडे, पण हलेनात. चार सेकंद. मग तिने पुन्हा सतरा म्हटलं. पुन्हा एकदा सतरा. मग तेही नाही, नुसती वर बघत राहिली.

"इथे नटीचा आवाज 'पत्र टाक, पत्र टाक' म्हणतोय," साव्हेरिओ म्हणाला. "आणि हिचे ओठ मिटायलाही तयार नाहीत. जुन्या पुसट फिल्मवर ते खपून गेलं. आता एकेक सुरकुती दिसते, आता नाही खपणार."

मग त्याने तिसरा टेक लावला. डब्यातून त्याने शोधून काढलेला, 'टाकाऊ' असं लिहिलेला. एक ते तीस, एकही आकडा न चुकता. डोळ्यांत पाणी, योग्य वेळी खाली आलेलं. ओठ असे की जणू संवादच म्हणतेय.

बाईंनी तो पूर्ण बघितला.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

साव्हेरिओला हे अपेक्षित नव्हतं. त्याने लगेच विचारलं, मग तो तुम्ही लपवलात का.

बाईंनी सांगून टाकलं. दिग्दर्शकाला तिसराच हवा होता. निर्मात्यालाही. डबिंगवाले तर हात जोडत होते. दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक जेवायला गेला आणि बाईंनी तिसरा टेक टाकाऊ म्हणून डब्यात घातला. परत आल्यावर त्याला सांगितलं, प्रयोगशाळेत ओरखडे पडले.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"दिग्दर्शकाशी."

"आणि निर्मात्याशी. डबिंगवाल्यांशीसुद्धा." बाई अगदी ताठ बसल्या होत्या. "साव्हेरिओ, आयुष्यात मी कामात एवढं एकच खोटं बोलले. ते चौपन्न वर्षं टिकलं."

त्यांना त्याची लाज वगैरे काही वाटत नव्हती. उलट चेहऱ्यावर एक समाधान होतं.

…

साव्हेरिओने कप बाजूला ठेवला.

"तिसऱ्यात ती काय करतेय?" बाईंनी विचारलं.

"मुलाला निरोप देतेय."

"मोजतेय."

…

"आणि पाचव्यात?" बाईंनीच पुढे विचारलं.

"पाचव्यात मोजायचं विसरलीय. म्हणून तर घोळ झालाय."

साव्हेरिओ थोडा थांबला, पण थांबून विचार करायचं वय आपलं गेलं असं त्याला वाटत असावं.

तो म्हणाला, ती विसरली कारण तिला पाठ करायची सवय नव्हती, शिंपल्या विकणारी बाई ती, त्यात तुम्हाला काय दिसलं कोण जाणे. तिला आठवलं तरी काय असेल, असं तुम्ही कधी विचारलंत का तिला?

बाईंनी तिला कधीच विचारलं नव्हतं. त्या तिला भेटल्याच नव्हत्या. संकलकाची नटांशी भेट होत नाही. चार महिने त्या चेहऱ्यापुढे त्या रोज दहा तास बसल्या होत्या, आणि तिचं नाव पास्क्वालिना, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग साव्हेरिओने शेवटची गोष्ट सांगितली. ती त्याने राखून ठेवली होती.

मागच्या आठवड्यात संस्थेत वीसेक विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवला. पाचवा टेक. सतराव्या आकड्यापाशी दोघं हसले.

बाईंचा हात कपावर होता, तो तिथेच राहिला.

"हसले?"

"हसले. मी खोटं सांगत नाही."

हे त्यांना लागलं. लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्या पडदा विझलेल्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या.

"आणि बाकीचे अठरा?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी पडद्याकडे बघत होतो."

आता बाईंची एक सवय सांगायला हवी. आपल्या चित्रपटाचा पहिला खेळ त्या नेहमी पडद्याकडे पाठ करून बघायच्या. थिएटरात पुढे, कोपऱ्यात उभ्या राहून, लोकांच्या तोंडांकडे बघत. नेपल्सच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला त्यांनी सतराव्या आकड्यापाशी सबंध थिएटर डोळे पुसताना बघितलं होतं. साव्हेरिओ सहा वर्षं त्यांच्याबरोबर अशा खेळांना गेला होता. तो मात्र पडद्याकडेच बघायचा, कारण आपण चिकटवलेले जोड त्याला तिथे बघायचे असत.

बाईंनी यातलं काही बोलून दाखवलं नाही.

"सही करते," त्या म्हणाल्या.

…

साव्हेरिओला वाटलं, जिंकलो. त्याने कागद पुढे सरकवला.

"आधी एक काम कर. तिथे खिडकीपाशी उभा राहा. माझ्याकडे बघ आणि तीसपर्यंत मोज."

तो म्हणाला, मी काही नट नाही.

"तीही नव्हती. न चुकता मोजलंस की सही."

त्याला हा पोरकटपणा वाटला. पण सही हवी होती. तो उठला, खिडकीपाशी गेला, कोटाची बटणं लावली आणि शाळेत पाढे म्हणावेत तसा खणखणीत सुरू झाला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. टेबलावर काम करताना बघायच्या तशाच, डोळे जरा बारीक करून.

तो आठवर पोचला तेव्हा त्या बोलल्या.

"तुझा शेवटचा चित्रपट मी चार वेळा बघितला."

"नऊ," साव्हेरिओ म्हणाला. "दहा."

"तिकीट काढून."

"अकरा."

"त्यात ती मुलगी वडिलांना दवाखान्यात ठेवते आणि पायऱ्या उतरून जाते. ती गेल्यावरही तू कापलं नाहीस. रिकामी पायरी ठेवलीस. दीड सेकंद."

"बारा…"

"मी ती मुलगी गेल्याबरोबर कापलं असतं."

"तेरा," तो म्हणाला. आवाज पुन्हा खणखणीत झाला. हे त्याच्या ओळखीचं होतं. पुढे काय येणार, तेही त्याला पाठ होतं. "चौदा. पंधरा."

"आणि मी चुकले असते," बाई म्हणाल्या.

…

"माझ्या त्र्याऐंशी चित्रपटांत तशी पायरी एकही नाही, साव्हेरिओ. चौथ्यांदा गेले ते फक्त तेवढ्यासाठी. बाजूच्या माणसाला मी सांगितलं, हा माझ्याकडे होता."

साव्हेरिओचं तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं.

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरा कोणी त्याला हाताने दाखवत असावा, कारण बराच वेळ तेच चाललं होतं. साव्हेरिओ बाईंकडे बघत उभा राहिला. एकदा त्याने ओठ हलवले, पण आकडा आला नाही. डोळे भरून आले आणि त्याला ते कळलंही नाही. दोन बक्षिसं घेतानाचा त्याचा चेहरा वर्तमानपत्रात छापून आला होता. तो चेहरा हा नव्हता.

बाई बघत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, नजर वळवली नाही. एवढा वेळ कोणाच्या चेहऱ्याकडे बघत राहणं फार थोड्यांना जमतं. त्यांना जमायचं, आणि आपल्याला ते जमतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मग त्यांनी पेन उघडलं आणि हात पुढे केला.

"आण कागद."

साव्हेरिओ टेबलापाशी आला. कागद त्याच्याच हाताखाली होता. तो त्याने दिला नाही.

"तू मोजलंस," बाई म्हणाल्या. "थोडे राहिले असतील. मी तेवढं धरणार नाही. आण."

त्याने कागद उचलला. एकदा घडी घातली, मग दुसऱ्यांदा. कोटाच्या खिशात ठेवला. लॅपटॉप पिशवीत घातला.

दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण विचारताना आवाज हाताखालच्या मुलाचा निघाला.

"सिन्योरा, आत्ता ते जे म्हणालात… ते खरं होतं? की माझा आकडा चुकावा म्हणून म्हणालात?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कितीवर होतास?"

तो आठवू लागला. खिडकीकडे बघितलं, जिथे उभा होता त्या जागेकडे बघितलं.

"…नाही आठवत."

"मग खरं असणार."